टपालातला हत्ती

कवळीताईंना रडू येत नाही, याची काळजी त्यांच्यापेक्षा त्यांच्या नणंदेला जास्त होती. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. समोरच्याने खिडकीत तोंड घालायच्या आत त्याला कुठे जायचंय हे आपल्याला कळतं, असा तिचा दावा. भावजयीच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, ऑपरेशन झालं आणि पुढे दर तीन आठवड्यांनी एक असे औषधाचे आठ डोस ठरले, तेव्हा ती बॅग घेऊन राहायलाच आली. आली ती रडण्याची जय्यत तयारी करून. पण इथे रडणार कोण?

"वहिनी, एकदा मोकळी हो गं," ती म्हणायची. "रड माझ्या खांद्यावर. खांद्याचं तिकीट नाही लावत मी."

"येतच नाही तर काय करू वन्सं?" कवळीताई म्हणायच्या. "तुम्ही रडून घ्या, मी पाणी आणून देते."

त्यांचं ते हसणंही वरवरचं असायचं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. सकाळ यायची, संध्याकाळ यायची. लेक रोज लांबून फोन करायची, त्या "हो गं, बरी आहे" म्हणायच्या, आणि फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांना आठवायचं नाही.

कवळीताई हे नाव गल्लीने ठेवलेलं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचं दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम एकतीस वर्षं चाललं होतं. आसपासचे दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. त्यांत प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायची आणि त्या मेणात एकेक दात लावत जायचं. वर चौदा, खाली चौदा. वरचा जबडा खालच्यावर मिटवून बघायचा, पुन्हा उघडायचा, केसाएवढा दात हलवायचा, पुन्हा मिटवायचा. "गल्लीतले अर्धे म्हातारे माझ्या जिवावर हसतात," असं त्या म्हणत, आणि यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी कवळ्या घासून गुळगुळीत करायचं काम बंद करायला सांगितलं, कारण त्याची धूळ छातीत जाते. दात लावायचं काम मात्र सकाळी दोन तास चालेल म्हणाले. "करा की. आवडतं ते करत राहा. त्याने उपचारही सोसायला सोपे जातात." म्हणून त्या करत राहिल्या. तयार मेणाची कवळी पुढच्या कामाला दुसऱ्या एकाकडे जायची.

चौथ्या डोसानंतर बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, आणि मग मुंग्याही गेल्या. दात चिमटीत धरला आहे की सुटला आहे हे बघितल्याशिवाय कळेना. तेव्हापासून त्या बोटांचं काम डोळ्यांनी करू लागल्या. एकदा एका डॉक्टरांचा फोन आला. "ताई, या अवस्थेतसुद्धा काय काम केलंय तुम्ही! मी तर थक्क झालो!" कवळीताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलाकडे बघत राहिल्या. ती कवळी बेतास बात होती. डावीकडचा सुळा बाहेर आला होता, हे त्यांना पाठवल्यावर लक्षात आलं होतं. वर्षभरापूर्वी असं काम गेलं असतं तर याच डॉक्टरांनी ते परत पाठवून वर चार शब्द सुनावले असते.

हे असं सगळीकडेच होऊ लागलं होतं. दूधवाला हळू आवाजात बोलायचा. वरच्या मजल्यावरची बाई, जिच्याशी पाण्याच्या टाकीवरून त्यांचं सात वर्षांचं भांडण होतं, ती भांडण अर्ध्यावर सोडून सूप घेऊन आली. सूप चांगलं होतं म्हणे. कवळीताईंना चव लागत नव्हती.

एकच जागा अशी राहिली होती, जिथे कुणी त्यांच्याशी हळू बोलत नव्हतं. ती म्हणजे भूगोलबाईंची पोस्टकार्डं.

*

सतरा वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर यायचं. टपालाने डाव खेळू इच्छिणाऱ्यांनी पत्ते कळवावेत, आम्ही जोड्या लावून देऊ, असं त्यात छापून आलं होतं. कवळीताईंच्या वडिलांनी त्यांना लहानपणी बुद्धिबळ शिकवलं होतं. पण लग्नानंतर समोर बसायला कुणी नव्हतं. नवऱ्याला घोडा अडीच घरं का जातो, हेच कधी पटलं नाही. त्यांनी पत्ता कळवला. जोडी लागली ती लांबच्या एका गावातल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंशी. पुढे साप्ताहिक बंद पडलं. या दोघी बंद पडल्या नाहीत.

पद्धत अशी. एका वेळी दोन डाव, एकात आपल्या पांढऱ्या सोंगट्या, दुसऱ्यात काळ्या. पटाच्या प्रत्येक घराला अक्षर आणि आकडा. एका कार्डावर दोन ओळी. पहिली ओळ पहिल्या डावाची चाल, दुसरी ओळ दुसऱ्याची. कार्ड हातात पडल्यापासून दहा दिवसांत उत्तर टपालात पडलं पाहिजे, नाहीतर डाव गेला. आणि सगळ्यांत मोठा नियम पहिल्याच वर्षी भूगोलबाईंनी लाल शाईने कळवलेला: लिहिलं ते लिहिलं. चाल नियमात बसत असेल तर ती झाली. मागे घेणं नाही, 'चुकून लिहिलं' नाही.

सतरा वर्षांत बावीस डाव पुरे झाले. अकरा भूगोलबाईंनी जिंकले, सात बरोबरीत सुटले, चार कवळीताईंनी जिंकले. त्यांतला शेवटचा नऊ वर्षांपूर्वी.

दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. फोन नाही, फोटो नाही. कवळीताईंची आई गेली त्या आठवड्यात त्यांनी वजीर भलत्याच घरात लिहून पाठवला. उत्तर आलं, "वजीर घेतला." बस. त्या वेळी कवळीताई संतापल्या होत्या. पण भूगोलबाईंना आई गेल्याचं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी घेतलाच असता, हे पुढे त्यांना कळलं. तीन वर्षांनी भूगोलबाईंनी एक उंट आयता दिला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे." कवळीताईंनी उत्तर दिलं, "उंट घेतला. ड्रॉप्स वेळेवर घाला."

लेक म्हणायची, "आई, फोनवर खेळ ना. जगातल्या कुणाशीही खेळता येतं, तेही लगेच."

"मला जगातल्या कुणाशीही खेळायचं नाहीये," कवळीताई म्हणायच्या. "आणि लगेच तर मुळीच नाही."

आजार निघाला तेव्हा त्यांनी भूगोलबाईंना काहीच कळवलं नाही. लपवायचं असं ठरवलंही नव्हतं. कार्डावर त्यासाठी ओळच नव्हती.

दवाखान्यात डोस घ्यायला एक लांबट खोली होती. मागे रेलणाऱ्या अकरा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब. चार-पाच तास बसावं लागे. कुणी झोपायचं, कुणी विणायचं, एक जण रेडिओ कानाला लावून क्रिकेट ऐकायचा आणि मधेच "गेला!" असं ओरडायचा, की अख्खी खोली दचकायची. कवळीताई मांडीवर खिशात मावणारा चुंबकाचा पट घेऊन बसायच्या. नर्सला आधी तो औषधांचा डबा वाटला होता. आता ती येता-जाता विचारायची, "काय मावशी, राजा ठीक आहे ना?"

"राजा ठीक आहे. प्याद्यांचे हाल आहेत."

त्या तासांत त्या पूर्ण जाग्या असायच्या. हातात सुई, तोंडात पत्र्याची चव, डोक्यावर विणलेली टोपी. पण आत कुठेतरी दिवा लागल्यासारखं एक कोपरा स्वच्छ दिसायचा. उंट इथून गेला, तर घोडा तिथे. हत्ती या उभ्या रांगेत आला, तर पुढे काय. त्या कोपऱ्यात आजार नव्हता. बरं वाटायचं असंही म्हणता येणार नाही, पण निदान काहीतरी वाटायचं.

आणि यंदा तर नवल घडत होतं. पहिल्या डावात कवळीताई वरचढ होत चालल्या होत्या. पाचव्या डोसाच्या सुमाराला त्यांनी एक चाल पाठवली आणि कार्ड गेल्यावर पट पुन्हा मांडून बघितला. त्यांचं कोपऱ्यातलं प्यादं उघडं पडलं होतं. भूगोलबाईंचा उंट ते सरळ उचलू शकत होता. त्या दोन आठवडे वाट बघत राहिल्या. कार्ड आलं. उंट जागचा हललाच नव्हता; भूगोलबाईंनी भलतंच काहीतरी साधं खेळलं होतं.

"दिसलं नाही!" कवळीताई मोठ्याने म्हणाल्या. "सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना दिसलं नाही!"

नणंद स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? काय दिसेना? डोळ्यांपुढे अंधारी आली?"

"प्यादं, वन्सं, प्यादं!"

"अगं बाई," नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "मी इथे देवाला साकडं घालतेय आणि तू प्याद्यात."

त्या दिवशी कवळीताईंनी अर्धा टोस्ट जास्त खाल्ला. नणंदेने तो लेकीला फोनवर कळवला.

*

सहाव्या डोसाने मात्र त्यांना आडवं केलं. चौथ्या दिवशी त्या उठून टेबलाशी बसल्या. दोन्ही डावांच्या चाली आधीच ठरलेल्या होत्या. पहिल्या डावात घोडा मागे घ्यायचा, दुसऱ्यात हत्ती ड-५. पेन बोटांत होतं की नाही ते बघून बघून त्यांनी लिहिलं, पत्ता घातला, कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं. नवरा लायब्ररीत पुस्तकं परत घेण्याच्या टेबलावर होता, आणि लायब्ररीच्या दारातच टपालाची पेटी होती. सतरा वर्षं कार्डं तोच टाकत आला होता.

बारा दिवसांनी उत्तर आलं. नेहमीच्या दोन ओळींऐवजी, दुसऱ्या डावाच्या चालीखाली कार्ड पूर्ण भरलेलं होतं.

"पहिल्या डावात तुम्ही हत्ती ड-५ लिहिलं आहे. दुसऱ्या डावातही तेच. पहिल्या डावाची ओळ चुकून लिहिली गेली असावी असं वाटतं. माझं प्यादं हत्ती घेऊ शकतं. तुमची खरी चाल कळवावी, मी तीच धरेन. सवडीने उत्तर द्या. प्रकृतीला जपा."

कवळीताईंनी कार्ड दोनदा वाचलं. मग पट मांडून पाहिला. खरंच होतं. दोन्ही डावांत त्यांचा हत्ती त्याच उभ्या रांगेत होता, त्यामुळे चाल दोन्हीकडे नियमात बसत होती. दुसऱ्या डावात ती उत्तम होती. पहिल्यात त्यांनी जिंकत आलेला डाव उचलून समोरच्याच्या ताटात वाढला होता.

पण त्या हत्तीकडे बघतच नव्हत्या. त्या शेवटचे दोन शब्द बघत होत्या.

नवरा संध्याकाळी आला. चपला काढतोय तोवर त्यांनी विचारलं, "अहो, भूगोलबाईंना तुम्ही काय कळवलंत?"

त्याची एक चप्पल पायातच राहिली.

"काही नाही गं."

"कार्डावर 'प्रकृतीला जपा' आहे. सतरा वर्षांत त्यांनी मला कशाला जपा म्हणून सांगितलेलं नाही."

नणंद दारात येऊन उभी राहिली. खिडकीवरच्या सवयीने तिने भावाचं तोंड एकदाच पाहिलं. "दादा, बोलून टाक. रांग वाढतेय."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "चौथ्या डोसानंतर तू नऊ दिवस उठली नव्हतीस. कार्ड येऊन पडलं होतं. दहावा दिवस उजाडला की तुझा डाव जाणार, हे मला माहीत होतं. मी लोकांच्या मुदती बघूनच पोट भरतो. म्हणून पत्र टाकलं. मुदतवाढ मागितली, बस. आता कारण द्यावंच लागतं ना मुदतवाढीला."

"दहाव्या दिवशी मी उठले होते. माझ्या हाताने कार्ड लिहिलं होतं."

"हो. पण तोवर माझं पत्र गेलं होतं." तो खाली बघत म्हणाला, "परत काढता येत नाही गं पेटीतून. मी हात घालून बघितला."

नणंदेला हसू फुटलं ते तिने पदर नसताना पदरात दडवल्यासारखं तोंडावर हात ठेवून दाबलं. कवळीताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. राग आला असता तर बरं, असं त्यांना स्वतःलाच वाटून गेलं.

"म्हणजे दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. त्यांनी जुनी कार्डं काढली आणि पत्र गेल्यानंतरची चार वेगळी केली. त्यांत ते प्याद्याचं कार्ड होतं. उंट जागचा न हललेलं.

"त्यांना दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सोडलं."

कवळीताईंनी कार्डं सारखी करून ठेवली, पट मिटला, आणि सूप आणलं तेव्हा ते न बोलता संपवलं. नणंदेला ते मुळीच आवडलं नाही. न जेवणाऱ्या माणसाला दटावता येतं. मुकाट्याने सगळं संपवणाऱ्याला काय म्हणणार?

पुढचे चार दिवस त्या तळमजल्यावर गेल्याच नाहीत. ठसे येऊन पडले होते. नवऱ्याने दोनदा "अगं, माझं चुकलं" म्हटलं आणि त्यांनी दोनदा "असू दे" म्हटलं. तेवढ्यात सातवा डोस आला. खुर्चीत बसल्यावर नर्सने विचारलं, "मावशी, आज पट नाही?"

"नाही आणला."

"का? राजा रुसला?"

कवळीताईंनी सुईसाठी हात पुढे केला. समोर थेंब पडत होते. पलीकडे क्रिकेटवाला आज नव्हता. त्याच्या खुर्चीत दुसरंच कुणी होतं, आणि तो कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. पाच तास त्या नुसत्या बसून राहिल्या. पूर्वी लोक हे पाच तास कसे काढत असतील, याचा त्यांना पहिल्यांदा अंदाज आला. घोडा नाही, उंट नाही. नुसते आपण आणि थेंब.

घरी आल्यावर, टोपीही न काढता, त्या टेबलाशी बसल्या.

"झोप ना जरा," नणंद म्हणाली.

"आज सहावा दिवस आहे कार्ड आल्याला. पुढचे चार-पाच दिवस मला बसवणार नाही. तेव्हा आत्ताच."

"अगं, मग त्यांनीच लिहिलंय ना, सवडीने दे म्हणून?"

"म्हणूनच."

त्यांनी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. एकदा पेन बोटांतून निसटून खाली गेलं आणि ते गेल्याचं त्यांना आवाजाने कळलं. नणंद उचलून द्यायला वाकली, पण 'मी लिहू का' असं तिने विचारलं नाही. कार्ड असं होतं:

"१. हत्ती ड-५. लिहिलं ते लिहिलं. हत्ती घ्या.
२. तुमच्या चालीला उत्तर: राजा ग-७.
माझ्या नवऱ्याच्या पत्राबद्दल मला काल-परवा कळलं. त्यानंतर तुम्ही कोपऱ्यातलं प्यादं सोडलंत. असंच खेळायचं असेल तर दोन्ही डाव इथेच थांबवू. रागाने लिहीत नाही."

नणंदेने वाचलं. "हत्ती घ्या काय? त्या बाई परत देतायत तर घे की! वर थांबवू म्हणून दम! अशाने दोन्हीकडून जाशील वहिनी."

"जाईन."

"आणि मग करशील काय दिवसभर?"

कवळीताईंनी पेनाला टोपण लावलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला आणखी एक कौतुक करणारा नकोय. तेवढे घरात पुरेसे आहेत."

कार्ड या वेळी नवऱ्याने नेलं ते दोन्ही हातांत धरून, ओलं असल्यासारखं.

*

त्यानंतरचे अकरा दिवस घरात कुणी बुद्धिबळाचं नाव काढलं नाही. कवळीताई पाचव्या दिवशी उठल्या, सातव्या दिवशी तळमजल्यावर गेल्या. पडून असलेले ठसे त्यांनी ओळीने लावले. एका जबड्याचे वरचे सहा दात लावले, आरशात बघतात तसं लांबून बघितलं, सगळे काढले, पुन्हा लावले. दुपारी वर येताना जिन्यात दोनदा थांबल्या. टपाल आलं का, हे त्या विचारत नव्हत्या. पण टपालाच्या वेळेला त्या नेमक्या पहिल्या पायरीशी असायच्या, हे नणंदेच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

भूगोलबाई डाव थांबवतील, असंच त्यांनी मनात धरलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, कशाला आजारी माणसाशी डोकं लावील? किंवा लांबलचक सांत्वनाचं पत्र येईल, जे वाचणं त्यांना सोसणार नाही. हे दोन्ही त्यांनी मनात आधीच वाचून टाकलं होतं, त्यामुळे त्यांना काही वाटत नव्हतं. निदान तसं त्या स्वतःला सांगत होत्या.

बाराव्या दिवशी कार्ड आलं. नणंदेनेच आणून दिलं, आणि तिने ते वाटेत वाचलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरच्या हालांवरून कळत होतं. नवरा सुट्टी म्हणून घरी होता. तो उठून उभा राहिला.

अक्षर बारीक, दाबून लिहिलेलं. सगळं कार्ड भरून आडव्या कडेलाही लिहिलं होतं.

"१. हत्ती घेतला.
२. घोडा इ-६, शह.
चाल परत देऊ केली ती माझी चूक. नियम मी केला, मीच मोडला. पुन्हा होणार नाही.
प्याद्याबद्दल. सोडलं म्हणता? मी उंटाने ते घेतलं असतं, तर तुम्ही शेजारचं प्यादं एक घर पुढे टाकून माझा उंट कोपऱ्यात कोंडला असता, आणि चार चालींत तो गेला असता. हा सापळा पोरं पहिल्या वर्षी शिकतात. तुम्ही तो मुद्दाम लावला असं समजून मी तुमचं मनात कौतुक केलं होतं. तुम्हाला तो दिसलाच नव्हता, हे आता कळलं. सतरा वर्षं वाया."

नणंदेने मागून वाकून वाचलं. "बाई! ही काय आजारी माणसाला लिहायची रीत झाली? सतरा वर्षं वाया म्हणे!"

"पट आणा," कवळीताई म्हणाल्या.

नवऱ्याने पट आणला. त्यांनी सोंगट्या मागे नेत नेत ती स्थिती मांडली. सोंगट्या लहान, बोटं बधिर. दोन पडल्या, त्या नवऱ्याने उचलून योग्य त्या घरात ठेवल्या. मग त्यांनी काळ्या उंटाला कोपऱ्यातलं प्यादं खायला लावलं. शेजारचं प्यादं एक घर पुढे. उंट कोपऱ्यात. बाहेर यायची वाट बंद. एक, दोन, तीन. चौथ्या चालीला उंट गेला.

त्या पटाकडे बघत राहिल्या. मग उंट उचलून त्यांनी तो पुन्हा कोपऱ्यात ठेवला आणि पुन्हा एकदा मारला, खात्री करायला.

"खरंच आहे," त्या म्हणाल्या. "घेताच येत नव्हतं."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं. "म्हणजे त्यांनी सोडलं नव्हतं?"

"नाही. मी तेव्हा चांगली खेळत होते. मलाच माहीत नव्हतं."

"मग आता हसतेस का रडतेस ते तरी सांग," नणंद म्हणाली, कारण कवळीताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं आणि ते काय, हे तिच्यासारखीलाही ओळखता येईना.

"कुठे काय," कवळीताई म्हणाल्या. त्यांनी टोपी कानावरून सारखी केली. "मला त्यांनी झापलंय, वन्सं. वाचलंत ना तुम्ही? पार झापलंय." त्यांनी कार्ड पुन्हा नणंदेपुढे धरलं. "पोरं शिकतात म्हणे."

"वाचलं, वाचलं. यात मिरवण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही," नणंद म्हणाली. तरी तिने कार्ड घेऊन पुन्हा वाचलं.

कवळीताईंनी सोंगट्या आजच्या जागांवर आणल्या. पांढरा हत्ती उचलून पटाबाहेर ठेवला. आता पहिला डाव उजेडात बघितला, तर त्यात काही उरलं नव्हतं. एक हत्ती कमी, समोरच्याची प्यादी मधोमध पसरलेली. दोन-तीन बारीक वाटा होत्या, त्याही अवघड. दुसऱ्या डावात शह बसला होता, त्याची सोय आधी लावावी लागणार होती. आठवा डोस नऊ दिवसांवर होता. म्हणजे उत्तर त्याच्या आधी टाकायला हवं. त्या खुर्चीत सरकून बसल्या आणि कोपर टेबलावर टेकलं.

नवरा उभाच होता. आपण बसावं की जावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "हा पहिला डाव... हरणार का गं तू?"

"हो."

"नक्की?"

"हत्ती गेलाय. भूगोलबाई आहेत. नक्कीच."

त्याने पटाबाहेरचा हत्ती उचलून पाहिला. "किती दिवस लागतील?"

कवळीताईंनी पटावरून नजर काढली नाही. एक प्यादं पुढे सरकवून बघितलं, मागे घेतलं, घोड्याकडे बघितलं.

"नीट खेळले तर वर्षभर," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."